पेटी बोलता कामा नये

भट्ट्यांच्या गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. शाळेशी त्याची ओळख चौथीपर्यंतची, तीही जेमतेम तोंडओळख. पण बरण्यांची पेटी भरून झाली, झाकणाला खिळे ठोकून झाले, की गडी उकिडवा बसायचा, पेटीला दोन्ही हातांनी कवेत घ्यायचा, फळीला कान लावायचा आणि पेटी हळूच डावीउजवीकडे हलवायचा. डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. नवख्या माणसाला वाटावं, पेटीला दमा आहे आणि हा छाती तपासतोय. आतून चिनीमातीला चिनीमाती लागल्याचा नखाएवढा जरी आवाज आला, की खिळे उपसायचे, झाकण काढायचं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा. पेटी बोलता कामा नये. एवढंच त्याचं वैद्यकशास्त्र.

एकतीस वर्षं तो हेच करत होता. त्याच्या पेटीतली बरणी वाटेत फुटली, असं एकाही गावाहून कधी कळलं नाही. ट्रक घाटात कलंडला होता एकदा. ड्रायव्हरचा हात मोडला, दोन बकऱ्या मेल्या, बरण्या शाबूत.

त्याचं गुपित म्हणाल तर गवत. नदीकाठचं, बी झडून गेल्यावर कापलेलं. ते सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. उन्हात वाळलेलं गवत तडकतं, सावलीत वाळलेलं लवतं. मग त्याच्या चुंबळी वळायच्या. डोक्यावर ओझं घेताना खाली घालतात तशा, पण बारीक. दर बरणीला बुडाखाली एक चुंबळ आणि गळ्यात एक. उरलेल्या फटींत सुटं गवत, बोटांनी चेपून. किती चेपायचं ते बोटांनाच माहीत. कुणी विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. "कोंबायचं नाही आणि सैल सोडायचं नाही," म्हणायचा. आता यातून कुणी काय शिकावं?

घरी त्याची पत काही और होती. लग्न केलं नाही, थोरला भाऊ गेल्यापासून जेवायला वहिनीकडे. वहिनी हसून म्हणायची, "भावजी, घरात कप विसळायला दिला तर कान तोडून आणता. पेटीत मात्र कसे हो हात शहाण्यासारखे वागतात?"

"कपाचं काय एवढं वहिनी, तो कुठं परगावी जायचाय?"

वहिनी सोपी बाई नव्हती. नवरा गेला त्याच्या पंधराव्या दिवशी ती त्याच्या चाकावर बसली. पहिले सहा महिने तिची बरणी वाकडी उतरायची, गल्लीतले लोक तोंडावर हात ठेवून हसायचे. मग हसणं थांबलं. पुढं तिने झिलईचा एक रंग साधला, पाण्याच्या तळाला असतो तसा, हिरवा म्हणावा तर निळा. तो गल्लीत दुसऱ्या कुणाला जमला नाही, आणि तिने सांगितलाही नाही.

पण रंग घेऊन काय चाटायचाय? प्लास्टिकच्या डब्यांनी बरणीचं पोट मारलं. गल्लीत अठरा भट्ट्या, त्यातल्या पाच पेटत्या. उरलेल्यांत कुणी कोंबड्या कोंडल्या, कुणी मोटारसायकल. वहिनीच्या मुलीने, म्हणजे डॉक्टरच्या पुतणीने, शहरात कपड्यांच्या मोठ्या दुकानात काम बघून ठेवलं होतं. आईला स्पष्ट बोलली, "भट्टी चालली तर मी कशाला जाईन? पण चालत नाही ना. या वर्षी नाही चालली तर मी निघाले."

मुलीला भट्टीची आंच कळायची. आगीचा रंग बघून ती सांगायची, आता लाकूड नको म्हणून. ती गेली की वहिनीचे डोळे गेले. मग चाक एकटं फिरून उपयोग काय?

अशात करार झाला. आपल्या देशाचा आणि समुद्रापलीकडच्या देशाचा. दोघांनी एकमेकांचा माल घ्यायचा, एकमेकांकडे कारखाने काढायचे, वाटेतल्या अडचणी दूर करायच्या. जिल्ह्याच्या गावात त्यासाठी व्यापार-कचेरी उघडली. खाली औषधाचं दुकान, वर कचेरी, दारात दोन देशांचे दोन झेंडे. तिथला साहेब पस्तिशीचा, भला माणूस. गल्लीत आला तो पलीकडच्या देशाची एक पाहुणी घेऊन. गोरी नाही, काळी नाही, केस पांढरे, पायात मजबूत बूट. भट्ट्या बघितल्या, कोंबड्याही बघितल्या. मग वहिनीच्या ओट्यावरची एक बरणी उचलली, नखाने टिचकी मारली आणि कानाशी धरून नाद संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

डॉक्टर वहिनीच्या कानाशी पुटपुटला, "हिला कान आहे हो."

पाहुणीने सहाशे बरण्या मागितल्या. तीस पेट्या, दर पेटीत वीस. ही पहिली खेप. नीट पोचली तर वर्षाला अशा सहा. साहेबाने हे गल्लीला समजावून सांगितलं तेव्हा त्याचाच आवाज फाटला. करारातून निघालेली त्याची ही पहिलीच खरी खेप होती. तोवर नुसत्या बैठका.

सहाशे बरण्यांसाठी वहिनी आणि पुतणी अडीच महिने राबल्या. दुकानाचं पत्र पुतणीने कपाटावर टाकलं. फाडलं नाही, पण टाकलं.

पेट्यांचं सामान साहेबाने आणून दिलं. शिक्का मारलेल्या फळ्या, आणि कागदाच्या कातरणांच्या गोण्या. सोबत एक छापील कागद.

साहेब म्हणाला, "काका, नीट ऐका. गवत नको, पेंढा नको, भुसा नको, माती नको. आत फक्त हा कागद."

डॉक्टरने मूठभर कातरण घेऊन दाबलं, सोडलं. ते दबलं ते दबलंच. "हे निजतंय साहेब."

"म्हणजे?"

"उठत नाही परत. गवत उठतं. का नको गवत?"

"त्यांचा नियम आहे."

"पण का?"

तेवढ्यात साहेबाचा फोन वाजला. तो एका हाताने फोन झाकत म्हणाला, "काका, नको म्हणजे नको," आणि बोलत बोलत गल्लीच्या तोंडाकडे गेला तो गेलाच.

तिथेच माशी शिंकली. कारण मिळालं नाही, म्हणून डॉक्टरने आपल्या डोक्याने एक शोधलं. त्याला वाटलं, ही मोठ्या लोकांची दिखाऊगिरी. पेटी उघडली की गवत दिसेल, गावंढळ वाटेल, पाहुणे नाक मुरडतील. म्हणून कागद, पांढरा, स्वच्छ. शंभरातल्या नव्वदांना हेच वाटलं असतं.

ट्रक सकाळी अकराला यायचा होता. डॉक्टर आदल्या दिवशी दुपारीच कामाला लागला. पहिली पेटी कागदाने भरली, खिळे ठोकले, कान लावला. पेटी बोलली. उघडली, आणखी कागद कोंबला. पुन्हा बोलली. दुसरी भरली, ती तर बडबडली. कागद कडेला सरकायचा, बरणी बरणीला भेटायची. त्याने साहेबाला तीन वेळा फोन लावला. बंद. साहेब त्या वेळी झेंडे लावणाऱ्याच्या मागे होता. ट्रक निघायचा समारंभ होता, आपला झेंडा डावीकडे की त्यांचा, यावर घोळ चालला होता.

रात्रीचे आठ वाजले. सहाशे बरण्या ओळीने उभ्या. त्यातल्या एकेकीला तो ओळखत होता म्हटलं तरी चालेल. कोणत्या दिवशीची, कोणत्या घाण्यातली माती. त्याने पत्र्याच्या शेडचं दार आतून लावलं, माळ्यावरून गवताचे भारे ओढले आणि चुंबळी वळायला बसला. वर, कडेने, दिसेल तिथे सगळीकडे पांढरं कातरण. आत, बरण्यांच्या गळ्याशी आणि बुडाशी, गवत. वरून इस्त्रीचा सदरा, आत जुना बनियन. ऊब बनियनचीच.

सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना तिसाव्या पेटीला कान लावला. गप्प. सगळ्या तीसच्या तीस गप्प.

दार उघडून तो बाहेर आला तेव्हा वहिनी ओट्यावर उभी होती. तिने त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मग हातपाय धुवा, माणसं येतील."

समारंभ झाला. वहिनीने फीत कापली. पेपरात फोटो आला. त्यात साहेब, वहिनी, दोन्ही झेंडे आणि उजव्या कडेला कुणाचं तरी एक कोपर. ते डॉक्टरचं. पुतणी म्हणाली, "काका, कोपर मात्र छान आलंय तुमचं. बोलकं आहे."

पुढचा दीड महिना गल्ली नवी नवी वागली. बंद भट्ट्यांतल्या दोघांनी कोंबड्या विकल्या, विटा झाडून बघितल्या. चहाच्या टपरीवर डॉक्टरला कुणी ना कुणी जागा देऊ लागलं. तो लाजून उभाच राहायचा.

साहेब आला तेव्हा मोटारीने नाही, स्कूटरवर आला. एकटा. वहिनी चाकावर होती. त्याने चप्पल काढली, ओट्यावर बसला, पाणी मागितलं आणि प्यायलं नाही.

"बंदरावर अडवलंय," साहेब म्हणाला. "पेट्यांत गवत निघालं."

चाक फिरत होतं ते फिरत फिरत आपोआप थांबलं.

साहेबाने सांगितलं ते असं. पलीकडच्या देशात बाहेरचं गवत, पेंढा, माती काही म्हणजे काही येऊ देत नाहीत. त्यातून कीड जाते, तणाचं बी जातं, तिथली शेतं खातं. पूर्वी कधी एकदा असं झालं होतं, तेव्हापासून त्यांनी धसका घेतलाय. तपासणाऱ्याने सातवी पेटी उघडली, गळ्यातली चुंबळ सोडवली, पांढऱ्या कपड्यावर झाडली. त्यातून एक किडा निघाला. जिवंत. मोहरीएवढा.

डॉक्टर एकदम बोलून गेला, "तो होय? तपकिरी, पाठीवर ठिपका? तो काही करत नाही हो! पिढ्यान्‌पिढ्या आमच्या गवतात आहे. कुणाला चावत नाही, काही खात नाही."

साहेबाने मान वर केली. गवत कुणी घातलं हे विचारायची मग गरज उरली नाही.

डॉक्टर गयावया करू लागला. "साहेब, गवत जाळा म्हणावं. बरण्या धुवा. उकळत्या पाण्यात बुडवा, काही होत नाही त्यांना, तेराशे डिग्रीतून निघाल्यात. हवं तर मी जातो. बोटीने जातो. एकेक स्वतः धुतो."

"काका, मी हेच विचारलं. दोनदा विचारलं. त्यांच्या नियमात पेटी म्हणजे एकच वस्तू. आतलं-बाहेरचं वेगळं करत नाहीत. एकतर सगळं परत, नाहीतर तिथेच नष्ट. दहा दिवसांची मुदत होती. पत्र माझ्या टेबलावर आलं आठव्या दिवशी. मी वर पाठवलं. वरून उत्तर आलं अकराव्या दिवशी."

"मग?"

साहेब पाण्याच्या तांब्याकडे बघत राहिला.

पुतणी दारात होती. ती आत गेली. कपाटाचा आवाज आला.

साहेबाने खिशातून फोन काढला. म्हणाला, तिथल्या तपासणाऱ्याने नियमाप्रमाणे चित्रीकरण केलंय, बघायचं तर बघा. वहिनी हात न पुसताच उठली, चिखलाच्या हातांनी गुडघे धरून वाकली. तिघांची डोकी त्या एवढ्याशा काचेवर.

लांब पांढरी खोली. टेबल. पेटीचं झाकण निघालेलं. हातमोजे घातलेला एक पोक्त माणूस कातरण बाजूला करत होता. मग त्याने बरणी उचलली. दोन्ही हातांनी, एक तळहात बुडाखाली. डॉक्टरला वाटलं, बरोबर उचलली. त्याने टेबलावर ठेवली, दुसरी काढली, तिसरी. वीसच्या वीस रांगेत मांडल्या. मग मोज्याचं एक बोट झिलईवरून फिरवलं आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाला?" वहिनीने विचारलं.

साहेब घुटमळला. "म्हणाला, तीस पेट्या उघडल्या, एक टवका उडालेला नाही. म्हणाला, बावीस वर्षांत इतकं चांगलं भरलेलं सामान बघितलं नाही."

डॉक्टरच्या तोंडावर हसू आलं. ते त्याने आणलं नव्हतं, आपलं आपण आलं. लगेच त्याला त्याची इतकी शरम वाटली की तो भिंतीकडे वळला.

"पुढे?" वहिनी म्हणाली.

"पुढचं नाही पाठवलं. नुसता दाखला आलाय. सहाशे नग नष्ट केल्याचा."

वहिनीने पदराला हात पुसले. बराच वेळ पुसत होती.

मग साहेबाने आणखी एक कागद काढला. माल कुणी भरला त्याचा जबाब. त्यावर सही. "माझ्या हातात असतं तर मागितलं नसतं," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. त्याच्या हातात तरी काय होतं? डॉक्टरने सही केली. एवढ्या वर्षांत सही करायची वेळ फार थोडी आली होती, त्यामुळे अक्षरं एकमेकांवर चढली.

साहेबाची स्कूटर गेल्यावर तो वहिनीला म्हणाला, "शिव्या तरी द्या."

"कशाला? त्या दिवशी तुम्ही शेडमधून बाहेर आलात तेव्हा तुमच्या सदऱ्याला गवत लागलं होतं. केसांत पण."

"मग बोलला का नाहीत?"

"मला बरं वाटलं," वहिनी म्हणाली. "म्हटलं, चला, आता फुटत नाहीत." आणि ती चाकापाशी गेली, पण बसली नाही.

सगळं तिथेच संपायचं. पण चार महिन्यांनी दोन देशांची सहामाही बैठक होती. व्यापार किती वाढला ते एकमेकांना सांगायचं होतं, आणि सांगायला काही नव्हतं. निदान एक तरी खेप गेली पाहिजे, असा वरून हुकूम आला. पाहुणीनेही म्हणे शब्द टाकला. तिला ती बरणी विसरता येत नव्हती. ठरलं असं की बरण्या इथल्याच, पण भरायला शहरातली कंपनी. आणि जबाबावर ज्याची सही आहे, त्या माणसाने पेटीला हात लावायचा नाही. शेडच्या आतही यायचं नाही. साहेबाने हे सांगताना डॉक्टरकडे न बघता भट्टीकडे बघितलं.

पुतणीने दुकानाला पत्र लिहून आणखी दोन महिने मागितले. म्हणाली, "ही शेवटची वेळ, आई." दोघींनी पुन्हा बरण्या केल्या. या वेळी सहाशे तीस.

"तीस जास्त कशाला?" डॉक्टरने विचारलं.

"त्यांनी सांगितलंय."

भरायच्या दिवशी कंपनीची चार माणसं आली. निळे डगले, हातमोजे, तोंडाला जाळी. शेड धुऊन काढली, माळा रिकामा केला. एकतीस वर्षांचं गवत बाहेर काढून ओढ्याच्या कडेला पेटवलं. ते भसकन पेटलं आणि विझलंही. डॉक्टर समोरच्या ओट्यावर, हात मांड्यांखाली घालून बसला होता. मोकळे ठेवले तर उठतील, अशी भीती.

माणसं चपळ होती. फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळायचं, बरणी ठेवायची, झाकण, यंत्राने खिळे. टकटकटक. तासात दहा पेट्या. कान कुणी लावत नव्हतं.

दोघांनी पहिली पेटी उचलून ट्रककडे नेली. ओट्यापासून चार हातांवरून ती गेली आणि डॉक्टरने ऐकलं. स्पष्ट. दुसरी ओळ, डावी बाजू, झाकणाची कडा शेजारणीच्या खांद्याला लागत होती.

"अहो, थांबा!" तो उठला. "बोलतेय ती पेटी. उघडा. दुसऱ्या ओळीत, डावीकडे, गळ्याशी जागा राहिलीय."

मुकादम जाळी खाली करून हसला. चांगला हसला, कुचकं नाही. "काका, फुटायच्याच थोड्या. पाच टक्के फूट धरलेली असते त्यात."

"धरलेली म्हणजे?"

"म्हणजे फुटणारच असं धरलेलं असतं. म्हणून तर तीस जास्त मागवल्या. तुम्ही बसा निवांत."

डॉक्टरने साहेबाकडे बघितलं. साहेब घड्याळ बघत होता. त्याने वहिनीकडे बघितलं. ती शेडच्या दाराशी उभी होती, पुतणी तिच्या शेजारी. वहिनीने मान हलवली, अगदी थोडी. नको. पेटीला हात लावाल तर ही खेपही जाईल.

तो बसला. दुसरी पेटी समोरून गेली, तिसरी गेली. सगळ्या बोलत होत्या. काही नुसत्या कुजबुजत होत्या, काही भांडत होत्या. बाविसावी तर आत्ताच फुटलेली होती, फुटक्या बरणीचा आवाज निराळा असतो, बसका. त्याने कानांवर हात नेले, पण माणसं बघत होती म्हणून तेच हात केसांवरून फिरवून खाली आणले.

ट्रक निघाला. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आहे, तिथे तो एकदा उजवीकडे झुकला, एकदा डावीकडे.

वहिनी ओट्याशी आली. ट्रक दिसेनासा झाला तरी ती त्याच दिशेला बघत होती.

"काय हो भावजी, बोलल्या का?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. "गप्प होत्या सगळ्या."

वहिनीलाही कान होते.

खेप पास झाली. सत्तावीस फुटल्या, तीस धरल्या होत्या, म्हणजे त्यांच्या हिशेबी तीन वाचल्या. बैठकीत टाळ्या झाल्या. पुढच्या खेपेचा कागद आला, त्यावर पुन्हा सहाशे तीस. पुतणीने दुकानाचं पत्र चुलीत घातलं आणि भट्टीत पहिलं लाकूड टाकलं.

डॉक्टर सकाळी शेडपाशी जातो. आत जात नाही. वहिनी बरण्या वाळत घालते त्या तो बाहेरून बघतो. एक दिवस त्याने विचारलं, "फुटायच्या तीस जरा उरकून का नाही करत? एवढी झिलई कशाला त्यांना?"

"त्या कोणत्या, हे आधी कुठं कळतं?" वहिनी म्हणाली, आणि चाकावर पुढचा गोळा ठेवला.